गावपळणीतली गाडी

चहा अजून चुलीवरच होता, तेवढ्यात आवाज आला. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडून, आमच्या रिकाम्या गावातून. आधी भुंगा घुमावा तसा बारीक, मग चढत चढत गेलेला, मध्ये वळण घेतल्यासारखा जरा दबलेला आणि शेवटी हळूहळू उतरून विरलेला. वाडीतलं शेंबडं पोरही ओळखील असा तो आवाज होता. आमच्या गाडीचा.

माळावर पसरलेल्या अख्ख्या गावाने कान टवकारले. कोणी भाकरी थापत होतं, कोणी गुरांना पेंढा टाकत होतं, सगळ्यांचे हात थांबले आणि माना आमच्या झोपडीकडे वळल्या. माझा नवरा तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवा बसून फुंकणीने जाळ करत होता. आणि आमची गाडी त्याच्या पाठीमागे, फणसाखाली, ताडपत्री पांघरून निमूट उभी होती.

शेजारच्या झोपडीतून बाबीकाका तेली काठी टेकत आले. गावातही ते आमचे शेजारीच. आधी ताडपत्रीकडे बघितलं, मग गुरुनाथकडे.

"गुरुनाथा, तुझी गाडी खय आसा?"

"ती काय, तुमच्या समोर."

"मगे गावात कोण फिरता?"

"माका काय म्हायत, काका," गुरुनाथ म्हणाला, पण त्याच्या हातातली फुंकणी खाली पडली.

गावात त्या वेळी कोणीच असायला नको होतं. आमच्या शेवऱ्याची गावपळण चालू होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षात रवळनाथाला कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की गावातला झाडून सगळा जीव दारं ओढून घेऊन वेशीबाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी. व्हाळाच्या अलीकडे माळावर झोपड्या घालायच्या आणि तीन दिवस तिथेच राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. तिथे चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, माणसाचा म्हणून आवाज व्हायचा नाही. का, ते मला विचारू नका. मी कुडाळच्या बाजारपेठेतली मुलगी, त्यात लग्नानंतरची वर्षं मुंबईत गेलेली. माझी ही पहिलीच पळण. मी विचारलं होतं, तर जितकी तोंडं तितकी उत्तरं मिळाली. शेवटी एका म्हातारीने सांगितलं, देवालाही कधीतरी गाव मोकळं मिळायला नको का? ते मला पटलं.

तर अशा गावात गाडी फिरत होती. आणि फिरत होती तर ती आमचीच.

नवऱ्याचं नाव घ्यायला मी उखाण्याची वाट बघणारी बाई नव्हे, तेव्हा गुरुनाथच म्हणते. मेस्त्रींचा हा मुलगा मुंबईत कोणाकोणाच्या गाड्या चालवून कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, आता गावाला जाऊन स्वतःची चालवीन. आधी जुनी डिझेलची जीप होती. तिचा खडखडाट असा की जेवताना ताटं हलायची. पुढे तिने राम म्हटला आणि त्याने विजेची गाडी घेतली, स्टेशनावरून प्रवासी आणायला, समुद्रावर न्यायला. गाडी दिसायला देखणी, पण अगदी मुकी. दारात येऊन उभी राहिली तरी कुत्रं कान हलवायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात देवळाच्या उतारावर इंदूआते डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन वळणातून समोर आली. तिला गाडी ऐकू आली नाही, ह्याला ती दिसली नाही. वीतभर अंतरावर ब्रेक लागला. इंदूआतेने भारा तिथेच टाकला आणि ह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गुरुनाथ घरी आला तो पांढराफटक. रात्री जेवला नाही. मग कोल्हापूरला जाऊन त्याने गाडीच्या पुढच्या भागात एक भोंगा बसवून आणला, गाडी चालली की इंजिनासारखा आवाज काढणारा. दुकानदाराने म्हणे पुष्कळ आवाज ऐकवले आणि ह्याने त्यातला सगळ्यात दूरवर जाणारा निवडला. इंजिनासारखा म्हणायचं एवढंच. पृथ्वीवर असं इंजिन मी तरी ऐकलेलं नाही.

आणि मग बाबीकाका भोंग्यावर उठले. गुरुनाथ पहाटेच्या रेल्वेचे प्रवासी आणायला निघायचा तो त्यांच्या परसाला लागून. भोंगा घुमला की काका दार उघडून बाहेर, लुंगी सावरत, शिव्यांची लाखोली वाहत. डिझेलच्या जीपबद्दल ह्या माणसाने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण तेव्हा काकी होती. ती गेली आणि माणूस चिडका झाला, असं आम्ही धरून चाललो. गुरुनाथ समजावायचा, काका, माणूस मरेल हो आवाज नसला तर. काका म्हणायचे, मरूदे. एवढा समजूतदार माणूस असं का बोलतो, ते आम्हाला कळेना.

प्रकरण अण्णा गावकरांकडे गेलं. अण्णा म्हणजे गावचे मुख्य मानकरी, देवळातला शब्द त्यांचा. देवळात बैठक झाली. निम्मे गुरुनाथच्या बाजूने, निम्मे काकांच्या, आणि दोन्हीकडच्यांना बोलायची हौस. अण्णांनी शेवटी सांगितलं की पळण जवळ आली आहे, तोवर भोंगा काढून ठेव, पळण संपल्यावर देवालाच विचारू आणि देव म्हणेल तसं करू. गुरुनाथने मान डोलावली, पण घरी येऊन मला म्हणाला की देवाने नको म्हटलं तर मी गाडी विकीन. मुक्या गाडीने आज ना उद्या कोणाचा तरी जीव जाईल, तो माझ्या हातून नको. मी म्हटलं, आणि खाणार काय? तर म्हणाला, मुंबई आहेच. दोन पोरांची शाळा, दारात लावलेली झाडं, कुठे कुठे जीव अडकला होता. मुंबईच्या त्या खोलीत मला परत जायचं नव्हतं.

तर भोंगा काढून त्याने पडवीत पोत्यावर ठेवला होता. आता बाबीकाकांनी नेमकं तेच विचारलं.

"भोंगो खय ठेवलंस?"

"घराक. पडवीत."

"बंद करून?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी गुरुनाथने तो घरातल्या बॅटरीला जोडून वाजवून बघितला होता, बिघडला तर नाही ना म्हणून. वायर काढली की नाही, ते त्याला आठवेना. मलाही आठवेना. निघायच्या गडबडीत मी कोंबड्या टोपलीखाली घालत होते.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊन बघायचं. तीच तर गोम आहे. व्हाळ ओलांडून गावात पाय ठेवला की पळण मोडली. आवाज कशाचा ते बघायला गेलं तरी मोडली. तो बंद करायला गेलं तरी मोडली. पळण मोडली म्हणजे सगळ्या गावाने पुन्हा कौल लावायचा, पुन्हा गुरंढोरं, आजारी माणसं घेऊन बाहेर पडायचं, आणि ज्याच्यामुळे मोडली त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या निघत राहायचं. शेवऱ्यात अजून एका घराला 'दिवेकर' म्हणतात, आडनाव भलतंच आहे, कारण त्यांचे पणजोबा म्हणे पळणीत घरी जळता दिवा विसरले होते.

अण्णा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग दिसला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पळण मोडली काय नाय, ता देव सांगतलो," ते म्हणाले. "तोवर कोणी व्हाळ ओलांडूचो नाय."

गुरुनाथ उठून उभा राहिला. "अण्णानू, माझो भोंगो वाजलो असात तर मी गाडी विकतलंय. आणि हय रवाचंय नाय."

गाव सोडून जाईन, असं सगळ्यांसमोर बोलला. मी त्याचा सदरा ओढला, पण बोललेला शब्द कुठे परत येतो?

तो दिवस मी विसरणार नाही. आमच्या झोपडीकडे कोणी फिरकेना. वाईट कोणी बोललं नाही, पण विस्तव मागायला, मीठ मागायला येणाऱ्या बाया बाजूच्या झोपडीत जाऊ लागल्या. गुरुनाथ व्हाळाच्या काठी दगडावर जाऊन बसला, कान गावाकडे लावून. जेवायला बोलावलं तर नको म्हणाला. मग मीही त्याच्या शेजारी जाऊन बसले. एकट्याने ऐकण्यापेक्षा दोघांनी ऐकलेलं बरं.

आणि तिथे मी पहिल्यांदा आमचं गाव बघितलं. म्हणजे रोज बघत होते, पण असं नाही. पलीकडे माडांच्या आणि सुपारीच्या आड घरांची कौलं दिसत होती, आणि त्यांतल्या एकातूनही धूर येत नव्हता. गिरणी बंद, पंप बंद, कुठे कपडे आपटल्याचा आवाज नाही, पोराला मारलेली हाक नाही. पहिल्यांदा कान दुखतात अशा शांततेने. नंतर तिच्यातच बारीक बारीक गोष्टी ऐकू यायला लागतात. माडाची झावळी सुटून पडली ती इथवर ऐकू आली. काठाजवळच्या एका मोकळ्या अंगणाच्या मधोमध एक मुंगूस आपल्या पिल्लांना घेऊन ऐटीत चाललं होतं. मला भरून आलं, का ते सांगता येणार नाही. आपण नसताना हे सगळं एवढं सुंदर असतं, आणि आपल्याला पत्ता नसतो.

दुपार कलली आणि आवाज पुन्हा आला. ह्या वेळी देवराईच्या बाजूने, देवळामागून. गुरुनाथ ताडकन उभा राहिला.

"पडवी हय नाय," तो म्हणाला. "आमची पडवी तय, चिंचेकडे. आवाज देवराईतसून येता."

मलाही ते कळलं. भोंगा तर चालत देवराईत जाणार नव्हता. मग तिथे काय वाजत होतं? मागे वळून बघितलं तर काठावर माणसं जमली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरही तेच होतं. एका म्हातारीने हात जोडले. कोणीतरी पुटपुटलं की देवच गाडीत बसून गावातून फिरतो आहे. एरवी मी हसले असते. तेव्हा नाही हसले. बाबीकाका मात्र हात जोडलेल्यांत नव्हते. ते सगळ्यांच्या मागे, कानाला हात लावून, डोळे मिटून उभे होते. आवाज थांबल्यावरही कितीतरी वेळ ते तसेच उभे होते, अजून काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं दाट होतं. व्हाळाच्या पाण्यावरून ते उठत होतं आणि पलीकडचं गाव त्यात गडप झालं होतं. बाया पाणी भरत होत्या, गडी गुरं सोडत होते. आणि एकदम, अगदी जवळ, व्हाळाच्या पलीकडच्या काठावर आमची गाडी सुरू झाली.

खरं सांगते, कळशी माझ्या हातातून सुटली. आवाज चढला, वळण घेतलं, उतरला. मग गाडी मागे घेताना वाजतं ते टुंग टुंग टुंगही वाजलं. माणसं धावत काठाशी आली. धुक्यात काही दिसेना. गुरुनाथ पाण्याच्या कडेपर्यंत गेला, पण पुढे पाऊल टाकलं नाही. मग ऊन आलं, धुकं विरळ झालं, आणि पलीकडच्या उंडीच्या झाडावर, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, एक पक्षी बसलेला दिसला. काळाकुळकुळीत, डोक्यावर तुरा, आणि शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या, तारांच्या टोकाला एकेक पीस. पुस्तकात त्याला भृंगराज म्हणतात. आमच्याकडे नुसताच कोतवाल. रोज देवराईत दिसायचा, पण त्याच्याकडे बघायला वेळ कोणाला होता?

त्याने मान तिरपी केली, गळा फुगवला, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत कोल्हापूरच्या दुकानातला भोंगा वाजवला.

पक्ष्याने अंग फुलवलं आणि दुसरं काढलं. अण्णा गावकर रोज सकाळी विहिरीवर गुळणी करून घसा खाकरतात, तो खाकरा, जशाच्या तसा, शेवटच्या थुंकीपर्यंत. अण्णांच्या सुनेने पदर तोंडात कोंबला. मग गिरणीचा पट्टा घसरताना किंचाळतो तो आवाज. मग मांजराचं भांडण. मग टाचेखाली सुकी पानं मोडावीत तसं काहीतरी. आम्ही माणसं गावातून निघून आलो होतो आणि आमचं गाव त्या मूठभर जिवाच्या गळ्यात राहिलं होतं. त्याला पाहिजे तेव्हा तो ते काढून बघत होता.

गुरुनाथ खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर माझेही डोळे वाहत होते. हसू येत होतं आणि रडूही. अण्णा आमच्यापर्यंत आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

आणि तेव्हा पक्ष्याने ती हाक काढली.

आधी जिभेची टाळी, मग शिट्टीसारखी, वर वर जाणारी लांबलचक हाक. बाबीकाकांची बायको, सत्यवतीकाकी, तिचे पुढचे दात पडल्यापासून तिच्या हाकेत अशी शिट्टी यायची. संध्याकाळी परसात उभी राहून ती गाईला बोलवायची ती अशीच. काकीला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. वाडीतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं.

पण आमच्या मागे दाव्याला बांधलेली काकीची म्हातारी गाय, बांडी, तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत मी तेव्हा जे बघितलं ते तुम्हाला खोटं वाटेल. ती हंबरली, तिने एक हिसका दिला, जुनं दावं तुटलं आणि ती सरळ माणसांतून वाट काढत व्हाळाकडे चालू लागली. म्हातारी गाय, चार पावलं टाकताना धापा टाकणारी. पुढचे पाय पाण्यात घातले. पलीकडच्या काठावर पक्ष्याने पुन्हा हाक दिली.

गाय पलीकडे गेली असती तरी पळण मोडलीच असती. गडी धावले, कोणी शिंगं धरायला बघितलं, पण तिने मानेच्या झटक्याने त्यांना बाजूला सारलं. व्हाळाच्या मध्यापर्यंत पोचली.

"बाबी," अण्णा म्हणाले, "गायक परत बोलव."

बाबीकाका काठावर उभे होते, काठी टाकून. "माझ्या हाकेक ती येणा नाय, अण्णा. तिका तीच बोलवी."

"मगे तिच्यासारखी हाक मार."

काकांनी आमच्याकडे बघितलं, सगळ्या गावाकडे बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता काठी उचलून निघून जाईल. बायकोची नक्कल करायची, तीही गेलेल्या बायकोची, साऱ्या गावासमोर. त्यांनी ओठ आवळले. जिभेची टाळी निघाली ती कोरडी. हाक अर्ध्यावर फुटली. गाय थांबली नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि ह्या वेळी ती निघाली. शिट्टी, चढ, शेवटी तो लाडिक हेल, सगळं. मी डोळे मिटले असते तर काकी माझ्या शेजारी उभी आहे असंच वाटलं असतं. इतकी वर्षं त्या घरात ती हाक ऐकून ऐकून त्यांच्या कानात मुरली होती, आणि त्यांनी ती आयुष्यात एकदाही मारलेली नव्हती.

बांडी पाण्यात थांबली. कान मागे वळले. मग ती सावकाश फिरली आणि काठावर येऊन काकांच्या छातीला तोंड लावून उभी राहिली.

पलीकडून पक्ष्याने उत्तर दिलं. एकदाच. मग उडाला, त्या दोन तारा मागे लहरत होत्या, आणि देवराईत दिसेनासा झाला.

मग बाया हळूहळू आपापल्या चुलींकडे वळल्या. बाबीकाका गाईच्या गळ्यात हात टाकून तिथेच खाली बसले. गुरुनाथने त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. मी त्यांच्या शेजारी बसले. मला वाटलं, पाणी पितील आणि उठतील. पण ते बोलायला लागले, आमच्याकडे न बघता.

"ती गेली, तेच्या म्हयन्याभरान माका आयकूक येवक लागली. पहाटेक. परसातसून. कोणाक सांगतलंय? लोक म्हणतले, म्हातारपणी बाबीचा डोक्या फिरला. माका पण तसाच वाटला." त्यांनी गाईच्या मानेवरून हात फिरवला. "पण मी वाट बघतंय, गुरुनाथा. दर दिसा. आणि हाक इली, नेमकी तेवाच तुझी गाडी येता. भोंग्यात हाक बुडान जाता."

गुरुनाथ त्यांच्या पायाशी बसून होता. "काका, माका आधी कित्याक नाय सांगितलास?"

"काय सांगतलंय? मेलेली बायल हाक मारता म्हणान?"

मला त्या क्षणी स्वतःच्या मोठ्या तोंडाची लाज वाटली. किती वेळा मी भिंतीआड उभी राहून त्यांना खडूस म्हटलं होतं. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी चहा केला आणि त्यांनी तो आमच्या झोपडीत बसून घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे देवळात गेले. देवाला गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला कौलाच्या पाकळ्या लावल्या. आम्ही व्हाळाच्या अलीकडे उभे. अण्णा परत आले ते हसत. कौल उजवा होता, पळण पुरी झाली होती. मग कोणीतरी आठवण केली की भोंग्याचं विचारायचं राहिलं, ठरल्याप्रमाणे तेही विचारून घ्या.

"तेका कशाक त्रास," बाबीकाका म्हणाले. "ता आमचा आमी बघतलंव."

घरी आलो तर भोंगा पडवीत पोत्यावर, वायर गुंडाळलेली. गुरुनाथने तो उचलला, खूप वेळ हातात धरून बघत राहिला. आवाज लावावा तर काकांची हाक बुडते, न लावावा तर देवळाच्या उतारावर इंदूआतेसारखं कोणी गाडीपुढे येतं. दोन दिवस त्याचं डोकं चाललं नाही. शेवटी त्याने भोंग्याला एक बटण लावून घेतलं, पाहिजे तेव्हा चालू करायचं. देवळापुढचा मोठा रस्ता लागला की चालू. आणि आमच्या आळीत, काकांच्या परसाला लागून देवळापर्यंत, बंद. तेवढ्या वाटेत गाडीच्या पुढे मी चालायचं ठरलं, हातात बॅटरी घेऊन, कोणी समोर आलं तर सांगायला. लोक हसले. मेस्त्रीणबाई गाडीच्या पुढे चालतात, वरातच म्हणा. मी म्हटलं, लग्नात एवढी मिरवले नव्हते, आता मिरवून घेते.

काही दिवस गेले. एका पहाटे मी बॅटरी घेऊन बाहेर आले तर बाबीकाका आमच्या फाटकात उभे. कानटोपी घातलेली, हातात कंदील.

"तू नीज गो, समिधा," ते म्हणाले. "मी चलतंय."

मी नको नको म्हणत राहिले, पण ते चालायला लागलेही. मी अंगणातच उभी राहून बघत राहिले. पुढे कंदील घेतलेले काका, आणि पाठीमागे, त्यांच्या पावलाने, आमची मुकी गाडी. परसाच्या टोकाला पोचले तेव्हा देवराईतून हाक आली. काका थांबले. कंदील खाली ठेवला. मागे गाडी थांबली. गुरुनाथने दिवेही मालवले.

हाक संपली, पुन्हा आली, पुन्हा संपली. मग काकांनी कंदील उचलला आणि चालू लागले, आणि गाडी त्यांच्या मागून निघाली.

काका होते तोवर हे असंच चाललं. कधी पक्षी लवकर गप्प व्हायचा, कधी त्याचं गाणं लांबायचं, आणि तिकडे स्टेशनावर प्रवासी खोळंबायचे, फोनवर ओरडायचे. गुरुनाथने एकदाही हॉर्न दिला नाही.